ग्रुप मेडिक्लेम: तीन कोटेशनं समोर, मालक म्हणतात स्वस्त ते घे

कपाटाची_किल्ली
नमस्कार मंडळी. गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका मशिन शॉपमध्ये सात वर्षं अकौंट्स बघते. आम्ही एकूण ४६ जण. गेल्या महिन्यात एचआर बघणाऱ्या मॅडम नोकरी सोडून बेळगावला गेल्या आणि मालकांनी त्यांच्या कपाटाची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "पीएफ, ईएसआय, विमा, आता सगळं तूच बघायचं." कपाटात "कामगार बेनिफिट" असं लिहिलेली एक जाडजूड फाईल सापडली. उत्साहानं उघडली, तर आत २०१६ पासूनची दिवाळीच्या मिठाईची बिलं.

पीएफ-ईएसआयची चलनं मला येतात. गाडी अडलीय मेडिक्लेमवर. ३१ जण ईएसआयमध्ये (सरकारी कामगार राज्य विमा) आहेत. उरलेले १५ म्हणजे सुपरवायझर, ऑफिस आणि जुने ऑपरेटर. त्यांची ग्रुप पॉलिसी ३१ मार्चला संपतेय. तीन कोटेशनं आलीत. पहिलं सगळ्यांत स्वस्त: २ लाख, नवरा-बायको आणि दोन मुलं. दुसरं ३ लाख, त्यात आईवडील धरलेत. तिसरं ५ लाखांचं, पण आईवडील नाहीत. दुसऱ्या-तिसऱ्याचा हप्ता जवळजवळ सारखाच आहे. मालक म्हणतात, "कागद सगळ्यांचे सारखेच असतात, स्वस्त ते घे."

हे ठरवतात कसं? आणि हे काम शिकायचं कुठं?

साचेवाला
शिरोलीत फौंड्री आहे, १२० माणूस. कोटेशन बाजूला ठेवा ताई. आधी गेल्या तीन वर्षांचे क्लेम मागवा. कोण ॲडमिट झालं, कशासाठी, बिल किती, मिळाले किती. हा कागद तुमच्या एजंटकडं नाहीतर टीपीएकडं (विमा कंपनीसाठी क्लेम बघणारी संस्था) असतोच. मागितल्याशिवाय देत नाहीत आणि मागितल्यावर चार फोन करायला लावतात, एवढंच.

तांबडा_पांढरा
मिठाईच्या बिलांची फाईल फेकू नका. कामगारांना मिळालेला खराखुरा लाभ तोच.

खुळ्ळा_नाद
माझं मत सरळ हाय. विमा-बिमा काय नको, हप्त्याचे पैसे पगारात घाला. गड्याला रोख लागते. आमच्या शॉपमध्ये विचारलं तर १० पैकी ९ जणांनी हात वर करून "रोख" सांगितलं. आणि आता महात्मा फुले योजनेत ५ लाखापर्यंत फुकट हायच की. मग ह्यो खटाटोप कशाला?

वैशाली_इचल
@खुळ्ळा_नाद, तो दहावा कोण होता ते विचारा. बहुतेक त्याच्या घरी कुणीतरी नुकतं दवाखान्यातून आलं असेल.

महात्मा फुले योजना चांगलीच आहे, मी स्वतः लोकांची कार्डं काढून देते. पण ती योजनेतल्या दवाखान्यात आणि ठरलेल्या उपचारांनाच चालते. रात्री दोनला छातीत दुखायला लागल्यावर माणूस यादी बघून दवाखाना निवडत नाही, जवळचा गाठतो.

मी इचलकरंजीत सूतगिरणीत हेच काम करते, अकरा वर्षं झाली. किल्ली ताई, तुमच्या पहिल्या कोटेशनमध्ये रूम रेंटची ओळ शोधा. सहसा बारीक अक्षरात "विमा रकमेच्या १ टक्का" असं असतं. २ लाखांचा १ टक्का म्हणजे दिवसाला २,००० रुपये. आमच्या एका जॉबरचा पाय मोडला, दवाखान्यात ४,००० ची खोली मिळाली, त्यानं घेतली. आम्हाला वाटलं, खोलीचे वरचे पैसे कापतील. पण खोली दुप्पट म्हणून सर्जनची फी, थिएटरचा चार्ज, भूलतज्ज्ञ, सगळ्यालाच निम्मी कात्री लावली. औषधं आणि आत घातलेली प्लेट तेवढी सुटली. तो माणूस आजही मला भेटला की आधी पायाकडं बघतो आणि मग माझ्याकडं.

तेव्हापासून माझा नियम: विमा रक्कम कमी चालेल, पण खोलीची अट नको. निदान "सिंगल एसी रूम" असं लिहून घ्या.

कपाटाची_किल्ली
बघितलं. पहिल्यात १ टक्का आहे, आयसीयूला २ टक्के. दुसऱ्या-तिसऱ्यात सिंगल रूम. ही ओळ मी चार वेळा वाचली होती आणि चारही वेळा तिचा अर्थ कळला नव्हता.

भविष्य_निवृत्त
मी भविष्य निर्वाह निधी कार्यालयात ३४ वर्षे काम करून निवृत्त झालो. धागा विम्याचा असला तरी आपल्या प्रश्नात एक मोठी गोष्ट लपलेली आहे, ती सांगतो.

आपल्या ३१ जणांना ईएसआय आहे. मालक ३.२५ टक्के भरतात, कामगार ०.७५ टक्के. १८,००० पगाराला अनुक्रमे ५८५ आणि १३५ रुपये. यात बायको-मुले तर आहेतच, शिवाय अवलंबून असलेले आईवडीलही येतात (त्यांच्या उत्पन्नाची मर्यादा आहे). पगार २१,००० च्या वर गेला की माणूस योजनेच्या बाहेर. म्हणजे ज्याला आपण बढती देऊन सुपरवायझर करता, त्याच्याच आईवडिलांचे संरक्षण जाते. मग त्याला दिलेल्या ग्रुप पॉलिसीत आईवडील नसतील, तर पगारवाढीचे पत्र हातात घेऊन तो घरी काय सांगणार?

दुसरे कोटेशन या नजरेने पाहावे.

साचेवाला
निवृत्त साहेब, १५ वर्षं माणसं वर काढतोय पण ह्या बाजूनं कधी विचार केला नव्हता. आमच्याकडं दोघांनी पगारवाढ नको म्हणून सांगितलं होतं. मी त्यांना येड्यात काढलं.

पंचगंगा_काठ
पण पगार वाढला की त्याच महिन्यात ईएसआय बंद होतं ना? आमच्याकडं जुलैत वाढ झाली आणि ऑगस्टपासून नाव काढलं.

भविष्य_निवृत्त
चुकीचे केले. वर्गणीचे दोन काळ असतात, एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. काळाच्या सुरुवातीला माणूस योजनेत असेल तर मध्ये पगार २१,००० ओलांडला तरी त्या काळाच्या शेवटपर्यंत वर्गणी भरायची, तीही पूर्ण पगारावर. आणि एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीचा लाभकाळ पुढच्या जानेवारी ते जून असतो. म्हणजे आपल्या माणसाचा जवळजवळ वर्षभराचा हक्क आपण एका क्लिकने घालवलात. आजही लेखी कळवून बघा.

पंचगंगा_काठ
😶

ब्रोकर_पण_माणूस
आधीच सांगतो, मी विमा ब्रोकर आहे, तेव्हा माझं बोलणं मीठ लावून घ्या.

हप्ता ठरतो तो मुख्यतः क्लेम रेशोवर. कंपनीनं १०० रुपये हप्ता घेतला आणि ११० चे क्लेम दिले, तर रिन्यूअलला हप्ता वाढणारच. काही कंपन्या पहिल्या वर्षी नवीन गिऱ्हाईक मिळवायला तोट्यात कोटेशन देतात आणि दुसऱ्या वर्षी दणका देतात. तोवर तुमच्या माणसांना त्या कार्डाची सवय झालेली असते. म्हणून स्वस्त कोटेशन दिसलं की एजंटला विचारा, "पुढच्या वर्षी क्लेम रेशो ८० टक्के आला तर हप्ता किती होईल?" जो आकडा सांगायला घाबरतो त्याच्यापासून लांब राहा.

आईवडील घेतले की क्लेम वाढतात, हे खरंय. मोतीबिंदू, गुडघा, अँजिओप्लास्टी. मधला रस्ता म्हणजे फक्त आईवडिलांच्या क्लेमवर १० टक्के को-पे ठेवा. म्हणजे १० टक्के घरच्यांनी भरायचे. हप्ता बराच खाली येतो. आणि मोतीबिंदूला एका डोळ्यामागं किती मर्यादा आहे ते बघून घ्या, तिथं बरेच जण फसतात.

खुळ्ळा_नाद
ब्रोकर साहेब, कमिशन किती ओ?

ब्रोकर_पण_माणूस
मिसळीचं बिल भागण्यापुरतं. पण कट वडा घेतला की संपलं.

तांबडा_पांढरा
मिसळीत कट वडा? हे कोल्हापूरचे नव्हेत. ब्रोकर बदला ताई.

ब्रोकर_पण_माणूस
कट वडा वेगळी डिश, मिसळ वेगळी. दोन्ही खातो, म्हणून तर बिल भागत नाही.

(इथून पुढच्या अकरा पोस्टी फडतरे की बावडा यावर झाल्या. हा धागा विम्याचा आहे, त्या मिसळीच्या धाग्यात हलवल्यात. — संपादक)

मंगळवार_पेठ
एक शंका. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा जीएसटी गेला, ग्रुपवर मात्र १८ टक्के आहेच. मग प्रत्येकानं आपापली पॉलिसी काढायची आणि कंपनीनं पैसे द्यायचे, हे स्वस्त नाही का पडणार?

वैशाली_इचल
तरण्या पोरांना पडेल. पण किल्ली ताईंच्या १५ जणांत "जुने ऑपरेटर" आहेत. म्हणजे शुगर, बीपी आलंच. वैयक्तिक पॉलिसी काढायला गेलं की तपासण्या, हप्त्यावर जादा भार नाहीतर सरळ नकार. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. ग्रुपमध्ये पहिल्या दिवसापासून सगळं धरायची अट टाकून घेता येते, जादाचा जीएसटी त्यासाठीच मोजायचा. ही अट कोटेशनमध्ये लिहिलेली आहे का तेवढं बघा, "ते असतंच" ह्या तोंडी उत्तरावर जाऊ नका.

पण उलट बाजूही खरीय. नोकरी सुटली की ग्रुप पॉलिसी सुटली. तिशीतल्या पोरांना मी स्वतः सांगते, बाबांनो, एक छोटी आपली स्वतःचीही ठेवा.

कपाटाची_किल्ली
मंडळी, क्लेमचा कागद आला. नऊ फोन लागले. तीन वर्षांत १५ जणांच्या मिळून सात क्लेम. त्यात एक बाळंतपण, एक डेंग्यू, एक अपेंडिक्स, बाकी मुलांचे ताप. वाचून बरं वाटलं, म्हटलं स्वस्त पॉलिसीत भागेल.

मग डबा खाताना सहज एकेकाला विचारलं, "घरी कोण आजारी असतं का?" १५ पैकी ११ जणांकडं आई किंवा वडील घरी आहेत. एकानं गेल्या वर्षी वडिलांच्या अँजिओप्लास्टीला सोसायटीचं कर्ज काढलंय, अजून फेडतोय. एकानं जमिनीचा तुकडा गहाण टाकला. कागदावर यातलं काही नाही, कारण ते पॉलिसीतच नव्हते! साचेवाला दादा, कागद मागवा म्हणालात ते बरोबर, पण कागदात नव्हतं तेच मोठं निघालं.

साचेवाला
मानलं. पुढच्या रिन्यूअलला मीही डबा घेऊन बसतो शॉपमध्ये.

आणि एक राहिलं. ईएसआयमधल्या माणसाला कामावर इजा झाली तर ईएसआय बघतं. पण तुमच्या १५ जणांपैकी जे मशिनजवळ उभे राहतात त्यांचं काय? त्यांना कर्मचारी नुकसानभरपाईची पॉलिसी वेगळी लागते, आधी १९२३ च्या कायद्याची होती, आता नवीन सामाजिक सुरक्षा संहितेची. मेडिक्लेम दवाखान्याचं बिल देतो, तुटलेल्या बोटाचं काही देत नाही. आमच्याकडं आगीपुढं काम आहे म्हणून हे पहिल्या वर्षीच शिकलो. कसं शिकलो ते लिहीत नाही.

भविष्य_निवृत्त
आता माझ्या खात्याचे थोडेसे. आपण दरमहा चलन भरता, त्यात अर्धा टक्का ईडीएलआयचा असतो. १५,००० वर ७५ रुपये. हा कामगाराचा जीवनविमा आहे. नोकरीत असताना मृत्यू आला तर कुटुंबाला ७ लाखांपर्यंत मिळतात. माझ्या टेबलावर कितीतरी बायका पतीच्या पीएफसाठी आल्या, त्यांतल्या बहुतेकींना या विम्याचा पत्ताच नव्हता. कंपनीनेही सांगितलेले नसे, कारण कंपनीत कुणाला माहीतच नसे.

आणि नामांकन, म्हणजे आपल्यामागे पैसे कुणाला मिळावेत त्याची नोंद. लग्नाआधी केलेले नामांकन लग्नानंतर चालत नाही, नव्याने करावे लागते. आपल्या ४६ जणांचे ई-नामांकन झाले आहे का, एवढे एकदा तपासा. हे काम फुकट आहे आणि हे न केल्यामुळे मी घरांत भांडणे लागलेली पाहिली आहेत. सासू एका बाकावर, सून दुसऱ्या.

कपाटाची_किल्ली
तपासलं. ४६ पैकी १९ जणांचं आहे. लाज वाटली.

वैशाली_इचल
१९ म्हणजे बरेच आहेत, आमच्याकडं सुरुवातीला सहा होते. आणि ते न होण्याचं कारण आळस नाही, नावं आहेत. आपल्या भागातली नावं! आधारवर दादासो, बँकेत दादासाहेब, पीएफमध्ये नुसतंच दादा. अण्णासो, बापूसो, आप्पासो, सगळ्यांची हीच गत. मुंबईत बसलेल्या टीपीएच्या पोराला वाटतं ही तीन वेगळी माणसं. मी एकदा फोनवर त्याला "सो म्हणजे साहेब" हे वीस मिनिटं समजावलं. तो म्हणाला, मॅडम, मग साहेबाचं डेसिग्नेशन काय?

आणि आईवडिलांची यादी भरायला घ्याल तेव्हा बघा, निम्म्यांची जन्मतारीख १ जून. गुरुजींनी शाळेत घालताना लिहिलेली. त्यातून कधीकधी आई आणि थोरल्या मुलात अकराच वर्षांचं अंतर निघतं आणि सिस्टीम फॉर्म परत करते.

तांबडा_पांढरा
माझ्या घरी आई, बाबा, काका, दोन्ही आत्या, सगळे १ जूनचे. एकच केक आणतो. लाभ म्हणायचा तर हा.

ब्रोकर_पण_माणूस
वैशाली ताईंनी दुखरी नस पकडली. पॉलिसी निवडायला पंधरा दिवस लागतात, चालवायला ३६५. दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला यादी पाठवायची: नवीन कोण आला, कोण गेला, कुणाचं लग्न झालं, कुणाला बाळ झालं. लग्न आणि बाळ साधारण ३० दिवसांत कळवायची अट असते. ते राहिलं की बाळ पुढच्या रिन्यूअलपर्यंत बाहेर. आणि कंपनीकडं तुमचा सीडी बॅलन्स असतो, म्हणजे आगाऊ ठेवलेले पैसे. तो संपला की नवीन माणसाचं नाव मेलमध्ये असतं पण विम्यात नसतं.

कोरशॉप
ग्रॅच्युइटीबद्दल (नोकरी संपताना कंपनीनं द्यायची एकरकमी रक्कम) कुणीच बोललं नाही. मी आधीच्या ठिकाणी होतो तिथली गोष्ट. मालक दरवर्षी म्हणायचे, "ग्रॅच्युइटी काय, माणूस गेला की बघू." एका वर्षात चार जुने मोल्डर निवृत्त झाले. हिशोब साधा असतो: शेवटचा मूळ पगार आणि डीए, भागिले २६, गुणिले १५, गुणिले वर्षं. १५,६०० पगाराला वर्षाचे ९,०००. आठ वर्षांचे ७२,०००. पण मोल्डर तिथं तीस-तीस वर्षं होते. चौघांचा आकडा बघून मालक खुर्चीत बसले ते चहा येईपर्यंत बोललेच नाहीत. शेवटी हप्त्यांनी दिले. एकाच्या पोरीचं लग्न त्या हप्त्यांवर अडलं होतं.

एलआयसी किंवा दुसऱ्या विमा कंपनीकडं ग्रुप ग्रॅच्युइटी फंड काढता येतो, दरवर्षी थोडं थोडं भरायचं. आणि आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून नवीन कामगार संहिता लागू झाल्यात, त्यात भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याच्या वर गेले तर वरचा भाग पगारातच धरायचाय. मूळ पगार बारीक आणि भत्ते गलेलठ्ठ ठेवणाऱ्यांचा ग्रॅच्युइटीचा आकडा फुगणार.

खुळ्ळा_नाद
रोख, रोख म्हणत होतो ते मागं घेत नाही. पण ताई, त्या अँजिओप्लास्टीवाल्याचं वाचून गप बसलो. आमच्यातबी एक हाय तसा. हात वर न करणारा दहावा तोच होता.

कपाटाची_किल्ली
(सहा आठवड्यांनी)

उशीर झाल्याबद्दल सॉरी, मार्चअखेर होती. काय झालं ते सांगते.

मालकांपुढं कोटेशनं ठेवलीच नाहीत. एक कागद ठेवला, १५ नावं, प्रत्येकापुढं घरी कोण कोण. नि शेवटच्या रकान्यात गेल्या तीन वर्षांत दवाखान्यासाठी कंपनीकडून घेतलेली उचल. उचलीची बेरीज मी अकौंट्समधून काढली, तेवढं तरी मला येतं. ती स्वस्त आणि दुसऱ्या पॉलिसीच्या हप्त्यातल्या फरकाच्या जवळ जात होती. मालक बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "ह्याचे वडील गेले का रे शेवटी?" गेले नाहीत, म्हटलं, गुऱ्हाळावर असतात. "मग घे दुसरी."

दुसरीच घेतली. ३ लाख, आईवडिलांसकट, त्यांच्या क्लेमवर १० टक्के को-पे, सिंगल रूम, आधीचे आजार पहिल्या दिवसापासून, लेखी. ज्यांचे आईवडील नाहीत ते चौघं थोडे नाराज आहेत, "आमचा काय फायदा?" त्याचं उत्तर मला अजून सुचलेलं नाही. सासू-सासरे घालता येतात का विचारलंय, कंपनीनं अजून कळवलं नाही.

ई-नामांकन ४६ पैकी ४१. उरलेल्या पाचांत तीन दादासो.

आणि एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पहिला क्लेम आला. एका सुपरवायझरच्या आईची पित्ताशयाची शस्त्रक्रिया. ॲडमिशनची मंजुरी तासाभरात आली. डिस्चार्जच्या दिवशी मात्र फाईल अडकली, कारण आधारवर "शेवंताबाई" आणि कार्डावर "शेवंता". मी फोनवर सांगितलं, विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकाप्रमाणे डिस्चार्जची मंजुरी तीन तासांत द्यायची असते, दोन तास दहा मिनिटं झालीत. पंचवीस मिनिटांत झालं. हे वाक्य मी आदल्या रात्री कागदावर लिहून ठेवलं होतं.

वैशाली_इचल
दोन तास दहा मिनिटं! 😂 ताई, आता तुम्ही आमच्यातल्या झालात.

ब्रोकर_पण_माणूस
त्या चौघांसाठी: टॉप-अप विचारून बघा, ज्याला हवं त्यानं स्वतःच्या पैशानं वरचं कव्हर घ्यायचं. सासू-सासरे काही कंपन्या देतात, पण आईवडील किंवा सासू-सासरे, दोन्हींतलं एकच जोडपं निवडायला सांगतात.

तांबडा_पांढरा
म्हणजे विमा एकाचा आणि भांडण दोन घरांत.

नवीन_सभासद_हुपरी
नमस्कार, नवीन आहे, पूर्ण धागा वाचला. आमचं चांदीचं वर्कशॉप आहे, आम्ही नऊच जण आहोत. ग्रॅच्युइटी आम्हाला लागते का?

भविष्य_निवृत्त
दहा झाल्यावर लागते. आणि एकदा लागली की पुन्हा नऊ झाले तरी सुटत नाही.

नवीन_सभासद_हुपरी
हां. आता कळलं आमचे शेठ गेली सहा वर्षं दहावा माणूस का घेत नाहीत ते.